वीतभर लांब हौदा

टुकमकॅरी, न्यू मेक्सिको
९ मार्च १९९७

प्रिय आर्मेला,

बाबांचा ट्रक कोठारातून बाहेर काढलास, हे तुझ्या पत्रातलं वाक्य मी परत परत वाचलं आणि मग काळजीला लागलो. ओढताना साखळी कशाला बांधलीस? बंपरला बांधली असशील तर बंपर वाकला असणार. अ‍ॅक्सलला बांधायची असते. तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तू घाईची.

आता तो तुझ्या वर्कशॉपमध्ये आहे म्हणतेस, तर आधी छप्पर गळतं का ते बघ. तुझा नवरा होता तेव्हा गळत होतं. इंजिनात उंदरांनी घरं केलेली असतील. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला असेल. चालू करायची घाई करू नकोस. प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोड, आठवडाभर तसंच राहू दे आणि मग हाताने फिरव. जोर लावलास तर रिंगा तुटतील, आणि १९५१ सालच्या शेवरलेच्या रिंगा काही वाण्याकडे मिळत नाहीत.

सप्टेंबरात चर्चच्या सुगीच्या मिरवणुकीत ट्रक न्यायचा, असं तू लिहिलंस. ते वाचून मी उठून घरभर फिरलो. फादर एकेका घराच्या ट्रकवर पाणी शिंपडतात आणि स्टिअरिंगच्या चाकावर त्या घरातला थोरला असतो. बाबा गेले, मी रेल्वेच्या सुतारकामासाठी इकडे आलो, आणि आपल्या वासिंगरांचा ट्रक त्या रांगेतून गेला तो गेलाच. आता थोरला मी. मी येईन आणि मीच चालवीन. या वयात मागण्यासारखं फार काही उरत नाही. हे एक मागतो.

म्हणून विनंती अशी की काहीही बदलू नकोस. स्टार्टर पायाने दाबायचाच राहू दे. गिअरचा दांडा जमिनीतून वर येतो तसाच येऊ दे. चोकची मूठ जिथे होती तिथेच हवी.

फोन करू नकोस. फोनवर आपलं भांडण होतं. पत्रात निदान एकाचं वाक्य दुसरा तोडत नाही.

तुझा भाऊ,
इसिडोर


सेंट ऑटिलिया, कॅन्सस
२३ मार्च १९९७

दादा,

साखळी अ‍ॅक्सललाच बांधली होती. बंपर वाकायचा प्रश्नच नव्हता, तो कुणीतरी केव्हाच काढून कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू दिला होता. उंदीर इंजिनात नव्हते, सीटमध्ये होते. छप्पर गळत नाही. झाली सगळी उत्तरं.

आता माझं ऐक. हा ट्रक म्हणजे सोनं आहे. गोल खांदे, फुगीर नाक, पुढची जाळी बघितली की वाटतं आता हसून काहीतरी बोलेल. मी अठ्ठावीस वर्षं नवऱ्याबरोबर लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त केले, पण रोज सकाळी दार उघडताना छाती अशी धडधडली नव्हती. अडुसष्टाव्या वर्षी हे बरं नव्हे, डॉक्टरला सांगितलेलं नाही.

आपला लिनस आठवतो ना, पलीकडच्या शेतातला? ज्याच्या कुरणात असाच एक ट्रक पडलाय आणि त्यात कोंबड्या राहतात. तो रोज येतो आणि सल्ले देतो. म्हणतो, आठ सिलिंडरचं इंजिन टाक, पुढून खाली बसव, रुंद टायर घाल. वर टोमणा मारतो, ‘‘वासिंगरांचं नशीबच खोटं. पाऊण टनी ट्रक घेतला, लांब हौद्याचा. लांब हौदा बघायला कोण येतंय?’’ खरंय त्याचं. आजकाल हौशी लोकांना अर्ध्या टनाचा, आखूड हौद्याचाच हवा असतो. लांब ट्रक ते सुट्या भागांसाठी कापतात.

रंगाचं बोलू. लोक हल्ली जुना उडालेला रंग तसाच ठेवतात आणि त्यावर पारदर्शक लेप देतात. गंज जपतात. कशी वाटते कल्पना?

आर्मेला


टुकमकॅरी
१२ एप्रिल १९९७

प्रिय आर्मेला,

गंजाला वार्निश? उद्या किडक्या दाढेला चांदीचा मुलामा देशील. गंज थांबत नसतो, आतून खातो. खरवडून काढ, अस्तर दे आणि वर तोच गर्द हिरवा रंग दे. आणि लिनसला सांग, ज्याच्या ट्रकमध्ये कोंबड्या अंडी घालतात त्याने दुसऱ्याच्या ट्रकवर बोलू नये.

आठ सिलिंडर नको. ते सहा सिलिंडरचं इंजिन चिखलातून ओल्या पोत्यांचा ढीग ओढत होतं, मी बघितलंय. खालीही बसवू नकोस. आपल्या फाटकातला खड्डा विसरलीस का?

तरी खरं सांगतो. गेल्या रविवारी इथल्या मोठ्या रस्त्यावर जुन्या ट्रकवाल्यांचा मेळा भरला होता. मी चालत गेलो. एक फोर्ड होता, लिंबासारखा पिवळा, इतका खाली की त्याखाली मांजरही शिरलं नसतं. मी म्हणणार होतो की हा काय वेडेपणा. पण मी मडगार्डवरून हात फिरवला आणि आर्मेला, ते वळण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते बोटाला कळेना. मालक ओरडला, ‘‘आजोबा, हात नका लावू, बोटं उमटतात.’’ मी म्हणालो, ‘‘बाळा, बोटं लावल्याशिवाय मला कळत नाही.’’ तो हसला आणि त्याने बॉनेटही उघडून दिलं. मग एक स्टुडबेकर होता, एक डॉज होता, आणि प्रत्येकाचा मालक आपापल्या पोराचं कौतुक सांगावं तसा बोलत होता. मी अंधार पडेपर्यंत तिथेच होतो, जेवायचंही राहिलं.

घरी आलो आणि ठरवलं की मीही या ट्रकसाठी काहीतरी करायचं. काय ते सांगणार नाही. करतो आहे. बोटाला दोन ठिकाणी लागलंय, त्याची काळजी करू नकोस, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.

ब्रेकच्या नळ्या सगळ्या नव्या टाक. जुन्यांवर विश्वास ठेवू नकोस.

इसिडोर


सेंट ऑटिलिया
१८ मे १९९७

दादा,

चालू झाला.

तुझ्या मनासारखं सगळं केलं, तेल सोडलं, हाताने फिरवलं, कार्बुरेटर उकळून काढला, नव्या वायरी ओढल्या. काल दुपारी लिनस, त्याची बायको आणि चर्चमधले चार म्हातारे उभे होते. मी स्टार्टरवर पाय दिला. नुसतं गुरगुरलं. लिनस म्हणाला, ‘‘आर्मेला, पाद्र्याला बोलव, मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावू दे.’’ दुसऱ्यांदा दाबलं तर मागून एक काळा ढग निघाला आणि लिनसच्या पांढऱ्या शर्टावर बसला, आणि त्या ढगातून तो आवाज आला. दादा, तोच आवाज. सावकाश, एकेक ठोका मोजून टाकल्यासारखा. मी उतरलेच नाही. लिनसच्या बायकोने डोळे पुसले, आता धुराने की कशाने ते तिलाच माहीत.

रंगाबद्दल मात्र तुझं ऐकणार नाही. का ते सांगते. डाव्या दाराच्या वरच्या कडेला रंग पार उडून लोखंड चकचकीत झालंय. मी खरवडायला कागद हातात घेतला आणि लक्षात आलं, तिथे बाबांचं कोपर असायचं. ते खरवडायचा मला धीर नाही. तुला असेल तर ये आणि खरवड.

मीही एक गंमत करते आहे. तू नाही सांगत, मग मीही नाही सांगत. बघशील तेव्हा वेडा होशील.

आर्मेला


टुकमकॅरी
२ जुलै १९९७

प्रिय आर्मेला,

कोपराचं वाचलं. खरवडू नकोस. पण लेप चांगल्या प्रतीचा दे.

आता माझं गुपित सांगतो, कारण ते आज सकाळी निघालं. हौद्याची सगळी तळजमीन मी नवी केली आहे. ओकच्या फळ्या. इथल्या एका जुन्या गुरांच्या ट्रेलरची लाकडं मिळाली, वाळून हाडासारखी झालेली. रंधा मारला, कडांना खाचा पाडल्या, मधल्या लोखंडी पट्ट्या घासून तेल पाजलं. बोल्टांची भोकंही पाडली आहेत. मापासाठी तुला त्रास दिला नाही. ती जमीन बाबांनी आणि मी एकदा बदलली होती, त्या हौद्याची लांबी मला माझ्या हाताइतकी पाठ आहे.

एमिलिओ नावाचा माझा शेजारी गुरं घेऊन उत्तरेला येतोय, तो पोचवील. वर ताडपत्री आहे. पाऊस आला तर त्याने थांबावं असं बजावलंय. तो म्हणाला, ‘‘डॉन इसिडोर, मी गुरांसाठी थांबत नाही, फळ्यांसाठी थांबू?’’ म्हणून काळजी आहे.

फळ्या पोचल्या की बसवून बघ. मला खात्री आहे, पण माणूस पत्र येईपर्यंत खात्री धरून बसू शकत नाही.

इसिडोर


सेंट ऑटिलिया
२ जुलै १९९७

दादा,

बसून वाच. माझी गंमत परवा पूर्ण झाली.

ट्रक आखूड केला. खालची लोखंडी चॅसी मधून कापली, वीतभर तुकडा काढला, पुन्हा जोडली, आतून पट्टी देऊन. हौद्याच्या बाजूही तितक्याच कापल्या. वेल्डिंग मी स्वतः केलं, लिनसने फक्त दिवा धरला आणि चुका काढल्या. पण काय दिसतोय म्हणून सांगू. नाक पुढे, मागचा भाग आटोपशीर, जसा काही उडी मारायच्या बेतात बसलाय. रस्त्याने जाणारे थांबतात. काल विचिटाचा एक माणूस गाडी वळवून परत आला आणि नुसता बघत उभा राहिला.

इंजिन तेच, स्टार्टर तोच, दांडा तोच, मूठ तिथेच. तुझ्या एकाही गोष्टीला हात लावलेला नाही. हौद्याची जमीन तेवढी राहिली आहे, ती आता नव्या मापाने करून घेते.

सप्टेंबरात तू या ट्रकातून उतरशील तेव्हा सगळं गाव बघेल.

आर्मेला


टुकमकॅरी
९ जुलै १९९७

प्रिय आर्मेला,

आपली पत्रं वाटेत एकमेकांवरून गेली. तुला आता कळलंच असेल.

फळ्या वीतभर लांब आहेत. भोकं एकाही आडव्या पट्टीवर येणार नाहीत. पण मी रागावलो आहे ते फळ्यांसाठी नाही. फळ्या काय, कापता येतात.

तुला एक गोष्ट लिहिलेली नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. डॉक्टर म्हणतो, मागे येणार नाही, पुढेच जाईल. हे पत्र मी भिंगातून एकेक शब्द बघून लिहितो आहे. मेळ्याला चालत गेलो, कारण गाडी मी वसंतातच विकली. फळ्यांना बोटांनी माप घेतलं.

म्हणून मी काही बदलू नकोस म्हणत होतो. तुला वाटलं असेल म्हातारा हट्टी आहे. तो ट्रक मला बघावा लागत नाही. स्टार्टर कुठे आहे ते पायाला माहीत आहे, दांडा हाताला. फाटकातून वळताना मागचं चाक खांबापासून कधी सुटतं ते माझ्या पाठीला कळायचं, आरशात बघावं लागायचं नाही. जगात आता ही एकच गाडी मी चालवू शकलो असतो. वीतभर आखूड झाल्यावर ती दुसरीच गाडी झाली. पाठ चुकणार.

आणि हे लिहिता लिहिताच दुसरंही समोर आलं. मिरवणुकीत रस्त्याच्या दोन्ही कडेला पोरं असतात, ट्रकांवरून फेकलेल्या खाऊच्या गोळ्या वेचायला चाकांपुढे धावतात. मी मनाशी धरलं होतं की हळू चालवीन, काही होणार नाही. काही झालं असतं तर? तुला न सांगता मी ते करणार होतो. बरं झालं ट्रक कापलास.

मी येत नाही. चाक लिनसला दे. फळ्या हव्या तशा काप.

इसिडोर


सेंट ऑटिलिया
१५ जुलै १९९७

दादा,

चाक लिनसला? त्यापेक्षा कोंबडीला देईन.

फळ्या आल्या. एमिलिओ पावसात थांबला होता, कबूल करत नाही, पण ताडपत्री वरून ओली होती आणि आतून कोरडी. आम्ही त्या जमिनीवर अंथरल्या आणि मी आखूड ट्रक शेजारी उभा केला. लिनस गुडघ्यावर बसला, त्या खाचांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘‘या फळीला जो करवत लावील त्याचा हात झडो.’’ आयुष्यात पहिल्यांदा आमचं पटलं.

तुझं डोळ्यांचं पत्र मी वर्कशॉपच्या मागे जाऊन वाचलं. मला रागही आला, रडूही आलं, दोन्हींना वेळ दिला. आता काम.

लिनसच्या कुरणातला ट्रक लांबच आहे, आपल्यासारखा पाऊण टनी, त्याच सालचा. चॅसी शाबूत, हौद्याच्या बाजू शाबूत, वर कोंबड्यांची घाण. आणि लिनसला तीस वर्षं झाली, आखूड ट्रकाचं स्वप्न पडतंय, पण स्वतः कापायची छाती नाही. मी त्याला म्हटलं, ‘‘माझी आखूड चॅसी तुला, तुझी लांब मला.’’ तो बराच वेळ टोपीच्या आत बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘आर्मेला, तू मला फसवत नाहीयेस ना? चांगली वस्तू देऊन वाईट कोण घेतं?’’ मी म्हटलं, ‘‘तुझी वाईट नाही. लांब आहे.’’

मिरवणुकीचं. मी फादरना विचारलं, थोरल्यानेच चालवायचं असं कुठे लिहिलंय. ते म्हणाले, कुठेच नाही, चर्चच्या पायरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी ठरवलंय. रविवारी मी चालवेन. पण तू ये. रविवार सोडून आठवड्यात आणखी दिवस असतात, आणि गहू निघाल्यावर आपल्या जुन्या शेतात फाटक उघडं असतं.

आर्मेला


सेंट ऑटिलिया
२४ ऑगस्ट १९९७

दादा,

काल दोन्ही ट्रक शेजारी शेजारी उभे केले आणि पोटं फाडली. गावातले पंधरा एक म्हातारे आले, प्रत्येक जण आपली पान्यांची पेटी घेऊन, कारण कुणाचा दुसऱ्याच्या पान्यावर विश्वास नाही. लिनसच्या बायकोने कोबी-खिम्याचे भरले पाव टोपली भरून आणले. कप्पीला साखळ्या लावून आपली केबिन उचलली. ती हवेत लोंबकळत होती तेव्हा तू इथे नव्हतास ते बरं, तुला झेपलं नसतं. मलाही झेपत नव्हतं. एक जण म्हणाला डावीकडे, एक म्हणाला उजवीकडे, आणि लिनस म्हणाला, ‘‘सगळे गप्प बसा, ही बाई सांगेल तसं.’’ मी सांगितलं तसं झालं. केबिन लांब चॅसीवर अशी बसली, जशी दमलेली बाई आपल्या खुर्चीत बसते.

मग तुझ्या फळ्या. दादा, एकाही बोल्टाला हातोडी लागली नाही. शेवटचा बोल्ट मी बोटांनी आत सोडला.

लिनस आपल्या आखूड ट्रकाभोवती फिरतो आहे आणि बायकोला सांगतोय की कोंबड्यांना दुसरं घर बघू. कोंबड्या नाराज आहेत.

एमिलिओ सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात परत वर येतोय. त्याच्याबरोबर ये. तो म्हणाला, ‘‘डॉन इसिडोरसाठी थांबेन.’’

आर्मेला


टुकमकॅरी
५ ऑक्टोबर १९९७

प्रिय आर्मेला,

सुखरूप पोचलो. वाटेत एमिलिओच्या मागच्या टायरातून हवा जात होती असं मला सारखं वाटत होतं, पण जात नव्हती.

तू सगळं बघितलंस, तरी हे लिहितो, कारण रविवारी तू पुढे होतीस आणि मी मागे, आणि सोमवारी उलट.

रविवारी फळ्यांवर गवताच्या भाऱ्यावर बसलो तेव्हा वाटत होतं, लोक काय म्हणतील. वासिंगरांचा थोरला पोत्यासारखा मागे. चर्चच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलंच, ‘‘इसिडोर, चाक कुठे हरवलंस?’’ मी म्हणालो, ‘‘बहिणीला दिलं, तिच्या हातून तरी तुमच्या पायावरून जाईल.’’ हसले सगळे. मग फादरनी पाणी शिंपडलं ते निम्मं माझ्यावर पडलं, आणि मला एकदम हलकं वाटलं. खाली पोरं गोळ्या वेचत होती. तू थांबत होतीस, चालत होतीस, एकदाही धक्का दिला नाहीस. इतकं हळू तुला चालवता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी तू शेताच्या फाटकाशी उतरलीस, किल्ली माझ्या हातात दिलीस आणि मागे हौद्यात चढलीस. म्हणालीस, डावीकडे वळायचं असलं तर टपावर एकदा मारीन, उजवीकडे असलं तर दोनदा. मी दार लावलं. कोपर आपोआप त्या घासलेल्या कडेवर गेलं. पायाने स्टार्टर शोधला नाही, तो पायाखाली होताच. फाटकातून आत वळलो आणि ज्या क्षणी पाठीने सांगितलं, त्याच क्षणी मागचं चाक खांबापासून सुटलं. तू ओरडायला लागली होतीस, मग गप्प झालीस. ते मला ऐकू आलं.

मग दुसरा गिअर, तिसरा. समोर नुसता धुरकट डाग होता. पण कडेच्या काचांतून दोन्ही बाजूंनी शेत पळत होतं, कापलेल्या गव्हाचं पिवळं पिवळं रान, आणि कडेचंच तर मला नीट दिसतं. काटा किती दाखवत होता माहीत नाही. मी खूप वेगात होतो असं तू नंतर म्हणालीस आणि मी नाही म्हणालो. होतो. मुद्दाम होतो.

तू टपावर मारायची थांबलीस. आधी वाटलं, पडलीस की काय. मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो, ‘‘आर्मे, कुठे वळू?’’

तू मागून ओरडलीस, ‘‘कुठेही वळ, दादा, सगळं मोकळं आहे.’’

तुला वाटलं मला ऐकू आलं नाही, कारण मी वळलोच नाही. ऐकू आलं होतं. सरळ जायचं होतं.

इसिडोर